पहिलीचं मूल आणि भुसावळचं अप-डाऊन: घर जळगावात, भुसावळला की नशिराबादला?

जळगाव ते भुसावळ रेल्वेने २४ किलोमीटर. एकाची नोकरी जळगावला एमआयडीसीत किंवा कलेक्टर कचेरीत, दुसऱ्याची भुसावळला रेल्वेत किंवा दीपनगरच्या वीज केंद्रात, आणि मूल येत्या जूनमध्ये पहिलीत. अशी कुटुंबं या पट्ट्यात पुष्कळ आहेत. घर शोधताना ती आधी भाडं बघतात, मग स्टेशन किती लांब ते बघतात, आणि शाळा सगळ्यात शेवटी, जी मिळेल ती. हा क्रम उलटा करायला हवा. शाळा मुलाच्या पायी अंतरावर असावी आणि मधे हायवे किंवा रेल्वे रूळ नसावेत. लांबचा प्रवास मोठ्या माणसाने करावा. तीस वर्षांचा माणूस जनरल डब्यात उभा राहून जाऊ शकतो. सहा वर्षांच्या मुलाला एप्रिलच्या उन्हात रिक्षाची वाट बघत उभं ठेवू नये.

आधी घड्याळ मांडा

फेब्रुवारी २०२४ च्या शासन निर्णयानुसार चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ किंवा त्यानंतर भरवायचे आहेत. मुलासाठी हे चांगलंच झालं, पण अप-डाऊन करणाऱ्याची इथे अडचण होते. भुसावळला दहाच्या आत टेबलावर बसायचं तर जळगावचं घर साडेआठच्या सुमाराला सोडावं लागतं, म्हणजे शाळा उघडण्याच्या अर्धा तास आधी. त्यामुळे शाळेत सोडायचं काम जवळ नोकरी असणाऱ्याकडेच जातं. ते त्याला जमणार आहे का, हे घर बघायला निघण्याआधी दोघांनी बसून ठरवा.

खरी परीक्षा उन्हाळ्यात. खानदेशात मार्चपासून शाळा सकाळची होते. मार्च २०२५ च्या आदेशात प्राथमिक शाळांची वेळ ७ ते ११.१५ अशी दिली होती. सोडायचा प्रश्न सुटतो, पण सव्वाअकराला मुलाला घेणार कोण? आई-वडील दोघंही तेव्हा कामावर असतात. आजी-आजोबा सोबत असतील तर घर कुठेही चालेल. नसतील तर पाळणाघर किंवा भरवशाचे शेजारी शाळा आणि घर यांच्या मधल्या टप्प्यात असायला हवेत. हे उत्तर सापडल्याशिवाय डिपॉझिट देऊ नका. जूनमध्ये घर घेणाऱ्यांना हा प्रश्न नऊ महिन्यांनी कळतो, आणि तोवर करार संपायला दोन महिने उरलेले असतात.

अंतर मोजायचं ते मुलाच्या चालीने. सहा वर्षांचं मूल दप्तर घेऊन अर्धा किलोमीटर चालायला आठ-दहा मिनिटं घेतं, एक किलोमीटरला पंधरा ते वीस. भर उन्हात अर्धा किलोमीटर पुरे. शक्य असेल तर शाळा सुटायच्या वेळी फाटकासमोर एकदा उभे राहा. रस्त्यावर सावली किती आहे, पालकांच्या गाड्या कशा लागतात, मोठ्या वर्गांची मुलं त्याच वेळी सुटतात का, एका रिक्षात किती मुलं कोंबतात, हे सगळं दहा मिनिटांत कळतं.

जळगाव: शहर एक, बाजू अनेक

जळगावला हायवे शहराच्या मधून जातो आणि घराचा निर्णय त्यानेच ठरतो. हायवेच्या ज्या बाजूला शाळा, त्याच बाजूला घर. नकाशात चारशे मीटर दिसणारी शाळा चौफुली ओलांडून असेल तर लहान मुलासाठी ती लांबच धरा. रुळांचंही तसंच. शिवाजीनगरात घर घेतलंत तर शाळाही रुळांच्या त्याच अंगाला बघा.

पिंप्राळा, खोटेनगर हा पश्चिमेचा भाग विद्यापीठ, बांभोरी, पाळधी, धरणगाव, एरंडोलकडे नोकरी असणाऱ्यांना सोयीचा. विद्यापीठ शहरापासून साधारण ८ किलोमीटरवर आहे. पण भुसावळला जायचं तर इथून रोज अख्खं शहर ओलांडावं लागतं, आणि स्टेशन गाठण्यातच अर्धा प्रवास खर्ची पडतो. मेहरूण, अयोध्यानगर, अजिंठा चौफुली, एमआयडीसी हा पूर्वेचा भाग भुसावळ रस्त्याला लागून. गाडीने किंवा बसने जाणाऱ्याला हाच बरा. मात्र एमआयडीसीच्या रस्त्यांवर ट्रकची ये-जा असते, म्हणून घर आतल्या कॉलनीत आणि शाळाही आतच असलेली बघा.

रेल्वेने जाणाऱ्याने स्टेशनच्या दोन किलोमीटरच्या आत राहावं. जिल्हापेठ, गणेश कॉलनी, रिंग रोड या भागात भाडं चढं असतं, पण शाळांची निवड इथेच सगळ्यात मोठी: महापालिकेची, अनुदानित मराठी, सेमी, इंग्रजी. दुसरा फायदा जास्त महत्त्वाचा वाटतो. भाडेकरार ११ महिन्यांचा असतो आणि प्राथमिक शाळा चार-पाच वर्षांची. घरमालकाने घर रिकामं करायला सांगितलं तर त्याच गल्लीत किंवा पुढच्या कॉलनीत दुसरं घर मिळायला हवं, म्हणजे मुलाची शाळा बदलत नाही. भाड्याच्या घरांची अशी दाटी जळगावात आहे. भुसावळला ती काही भागांपुरती आहे आणि नशिराबादला फारच कमी.

भुसावळ: नोकरी इथली असेल तर

कमावणारा एकच असेल आणि नोकरी रेल्वेत, दीपनगरला किंवा वरणगावला असेल, तर जळगावचा हट्ट नको. दीपनगर भुसावळहून आठ-दहा किलोमीटरवर आहे. जळगावहून रोज तिथे जाणं म्हणजे भुसावळ गाठून पुन्हा पुढचा प्रवास. शिफ्ट असेल तर ते निभत नाही. रात्रपाळी करून आलेला माणूस सकाळी मुलाला शाळेत सोडू शकतो, पण त्यासाठी घर जवळ हवं.

भुसावळ रेल्वेच्या दोन्ही अंगांना पसरलेलं आहे. जामनेर रोडच्या बाजूला घर आणि पलीकडे शाळा, असं करू नका. दुपारी तो फेरा पंधरा मिनिटांनी वाढतो.

भुसावळची एक जमेची बाजू म्हणजे ऑर्डनन्स फॅक्टरीच्या परिसरातलं केंद्रीय विद्यालय, वरणगावलाही तसंच आहे. पण दोन गोष्टी नीट समजून घ्या. एक, वय. राज्याच्या शाळांत पहिलीसाठी ३१ डिसेंबरला ६ वर्षं पूर्ण धरतात, तर केंद्रीय विद्यालयात ३१ मार्चला. ऑगस्टमध्ये जन्मलेलं मूल राज्याच्या शाळेत या वर्षी पहिलीत बसतं आणि केंद्रीय विद्यालयात पुढच्या वर्षी. दोन, प्राधान्यक्रम. केंद्र सरकारी कर्मचारी आधी, मग केंद्राचे सार्वजनिक उपक्रम, मग राज्य सरकारी, मग राज्याचे उपक्रम, शेवटी बाकीचे. रेल्वेवाल्याचा नंबर वर लागतो, महानिर्मितीत, म्हणजे दीपनगर चालवणाऱ्या राज्याच्या वीज कंपनीत, काम करणाऱ्याचा चौथ्या गटात. म्हणून केंद्रीय विद्यालय मिळेलच असं धरून घर घेऊ नका. पायी अंतरावर दुसरी चालणारी शाळा आहे ना, हे आधी बघा.

नशिराबाद: स्वस्त, पण कोणासाठी?

हायवेला लागून असलेलं हे गाव जळगावहून दहाएक किलोमीटरवर. भाडं कमी, शाळा गावात, मूल पायी जाऊन येतं. घरी कोणीतरी मोठं माणूस दिवसभर असेल तर हा पर्याय चांगला आहे. पण प्रवास रस्त्यानेच. जवळच्या भादली स्टेशनवर मोजक्याच गाड्या थांबतात, म्हणून रेल्वेच्या पासचा इथे फारसा उपयोग नाही. शाळा चौथीपर्यंत असेल तर पाचवीला कुठे, हेही आत्ताच विचारा.

पाचवीचा हा प्रश्न तिन्ही ठिकाणी आहे. अनेक मराठी प्राथमिक शाळा पहिली ते चौथीच असतात. घराजवळ चौथीपर्यंतची शाळा आणि दीड-दोन किलोमीटरवर पाचवी ते दहावीची, अशी जोडी मिळाली तर उत्तम. दहा वर्षांचं मूल तेवढं सायकलने जातं.

शाळेत काय विचारायचं

इमारत आणि गणवेश यांवरून काही ठरवू नका. पट किती आणि प्रत्यक्ष हजर शिक्षक किती, एवढं आधी विचारा. कायद्याने प्राथमिक शाळेत ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, ९० पर्यंत तीन, १२० पर्यंत चार. म्हणजे चार वर्गांचा मिळून पट पन्नास असेल तर एका खोलीत दोन वर्ग बसणारच. शिक्षक मनापासून शिकवणारे असतील तर अशा शाळेतही मूल छान वाचायला लागतं, पण त्यातले एक गुरुजी रजेवर गेले की चारही वर्ग एकाच्या गळ्यात पडतात. शाळेचा यू-डायस नंबर, म्हणजे तिचा सरकारी ओळख क्रमांक, ११ अंकी असतो, जळगाव जिल्ह्याचा २७०३ ने सुरू होतो. तो घेऊन सरकारी पोर्टलवर पट आणि शिक्षकसंख्या घरबसल्या बघता येते.

पोषण आहार महापालिका, नगरपालिका, जिल्हा परिषद आणि अनुदानित शाळांत मिळतो, स्वयंअर्थसहाय्यित शाळांत नाही. दोघं नोकरी करणाऱ्या घरात दुपारचं गरम जेवण ही लहान गोष्ट नाही. स्वयंपाकाची जागा आणि पाण्याची टाकी बघून या. मुलींच्या स्वच्छतागृहाला पाणी आहे का, तेही बघा.

पैशाचा हिशेब

भाड्यातला फरक प्रवास खाऊन टाकतो. जळगाव-भुसावळ दुचाकीने जाऊन-येऊन ५४ किलोमीटर धरा. लिटरला ५० चा ॲव्हरेज, महिन्याचे २५ दिवस, म्हणजे २७ लिटर. पेट्रोल १०५ रुपये धरलं तर २,८३५ रुपये, टायर-ऑइल वेगळं. रेल्वेचा मासिक पास याच्या तुलनेत किरकोळ. पण पास जनरल डब्यापुरताच. सुपरफास्ट गाडी धरायची असेल तर पासवर सुपरफास्टचा अधिभार भरावा लागतो, आणि आरक्षित डब्यात तो चालत नाही. प्रवास अर्ध्या तासाचा असला तरी भुसावळच्या आउटर सिग्नलला गाडी उभी राहते, म्हणून पोहोचायच्या वेळेत वीस मिनिटं जास्तीची ठेवा.

कारने जाणार असाल तर नशिराबादचा टोल आहे. फास्टॅगचा वार्षिक पास २०० फेऱ्यांचा असतो, २०२५ मध्ये तो ३,००० रुपयांचा होता. रोज जाऊन-येऊन दोन फेऱ्या, म्हणजे तो १०० दिवसांत संपतो. टोलनाक्यापासून २० किलोमीटरच्या आत राहणाऱ्यांसाठी वेगळा मासिक पास असतो. रोजच्या अप-डाऊनला तो स्वस्त पडतो. त्याला पत्त्याचा पुरावा लागतो.

घर बघताना वरच्या स्लॅबचं, पश्चिमेच्या भिंतीचं घर टाळा. मे महिन्यात पारा ४४-४५ वर जातो आणि मूल त्याच खोलीत दुपार काढणार असतं. नळाला पाणी किती दिवसांनी येतं आणि बोअर आहे का, हे मालकाला नाही, शेजाऱ्यांना विचारा. वीज मीटर स्वतंत्र आहे का, तेही बघून घ्या.

करार नोंदवूनच घ्या

शिक्षणहक्क कायद्याच्या २५ टक्के जागांसाठी (खासगी शाळांत वंचित आणि दुर्बल घटकांसाठी राखीव, लॉटरीने भरल्या जाणाऱ्या) अर्ज करणार असाल तर भाडेकरार दुय्यम निबंधकांकडे नोंदवलेला, किमान ११ महिन्यांचा आणि अर्ज भरण्याच्या आधीचा लागतो. नोटरीचा चालत नाही. २०२५-२६ च्या प्रवेशाचे अर्ज जानेवारी २०२५ मध्ये सुरू झाले होते, म्हणून घर डिसेंबरपर्यंत पक्कं करा. मे महिन्यात शोधायला निघालात तर ही संधी गेलेली असते. अर्जात नकाशावर घराची खूण ठेवावी लागते आणि शाळेपर्यंतचं अंतर त्यावरूनच मोजलं जातं. एक किलोमीटरच्या आतल्यांना आधी प्राधान्य. खूण शेजारच्या कॉलनीत पडली तर लॉटरीत नाव लागूनही पडताळणीत प्रवेश जातो. ती घराच्या छपरावर आहे का, हे मोबाइलवर मोठं करून दोनदा बघा.

नोंदणीचा खर्च फार नाही. मुद्रांक शुल्क एकूण रकमेच्या ०.२५ टक्के. भाडं ८,००० आणि डिपॉझिट ३०,००० असेल तर ११ महिन्यांचं भाडं ८८,००० आणि डिपॉझिटवर वर्षाला १० टक्क्यांनी धरलेलं व्याज २,७५०, त्यावर शुल्क सव्वादोनशेच्या आसपास. नोंदणी फी महापालिका-नगरपालिका हद्दीत १,००० रुपये, ग्रामीण भागात ५००. करार नोंदवण्याची जबाबदारी महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे घरमालकाची आहे. मालक टाळाटाळ करत असेल तर खर्च आम्ही देतो म्हणा. तरीही नाही म्हणाला तर ते घर सोडा. कराराच्या मसुद्यात घर नंबर, गट किंवा सर्व्हे नंबर आणि कॉलनीचं नाव आधार कार्डावर टाकणार तसंच अक्षरशः लिहून घ्या. ‘प्लॉट नं.’ एका कागदावर आणि ‘घर नं.’ दुसऱ्यावर, एवढ्यावरूनही पडताळणी समिती अर्ज बाजूला ठेवते.