समोरची काच: टवका भरून अकरा महिने, काच बदलून नऊ महिने

मार्चमध्ये हॅचबॅकच्या समोरच्या काचेवरचे दोन टवके रेझिनने भरले गेले. मेच्या मध्यात दुसऱ्या, जरा मोठ्या गाडीची अख्खी काच बदलली. त्यानंतर दोन्ही गाड्यांवरून नागपूरचा नवतपा (मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस), पावसाळा आणि डिसेंबरची थंडी गेली, त्यामुळे आता दोन्ही कामांबद्दल ठामपणे लिहिता येतं.

काच बाजारात पुन्हा मिळते. कारखान्यात कोऱ्या रंगवलेल्या पत्र्यावर ओढलेली गोंदाची पट्टी मात्र एकदाच मिळते, आणि काच काढताना तीच कापावी लागते. टवका भरून भागत असेल तोवर काच काढू देऊ नका.

समोरची काच म्हणजे सुमारे दोन-दोन मिलिमीटरच्या दोन काचा आणि मधे पीव्हीबी या चिवट प्लास्टिकचा 0.76 मिलिमीटरचा पापुद्रा. टिप्परमधून उडालेली गिट्टी बसली की बहुतेक वेळा फक्त बाहेरची काच फुटते. टवका भरणं म्हणजे त्या फुटीतली हवा ओढून काढायची आणि काचेइतकाच प्रकाश वाकवणारं पातळ रेझिन तिथे दाबून भरायचं. आतल्या बाजूने नख फिरवून खरखर लागली, तर आतली काचही गेली; मग भरण्याचा विषय संपला. दारांच्या आणि मागच्या काचा बहुतेक टफन्ड असतात, फुटल्या की त्यांचा चुरा होतो, त्यामुळे त्यांना दुरुस्ती नाही.

भरलेल्या दोन टवक्यांपैकी एक गोल होता, ज्याला काचवाले डोळा म्हणतात. रुपयाच्या नाण्यापेक्षा लहान, डाव्या बाजूला. अकरा महिन्यांत तो जिथल्या तिथे आहे. संध्याकाळी अमरावती रोडने वाडीकडे जाताना सूर्य समोर आला की तो दिसतो: मधे मसुराएवढा ठिपका, भोवती पाण्याचा थेंब सुकल्यासारखं पुसट कडं. ठिपक्यावर नख फिरवलं तर हलकी खळगी लागते, कारण वरून लावलेलं घट्ट रेझिन वायपरने आणि धुळीने थोडं झिजलं आहे. ताकदीला त्याने काही होत नाही, पण वरचा थर पुन्हा भरून घेता येतो.

दुसरा टवका ताऱ्यासारखा होता, तीन पायांचा, आणि एका पायाचं टोक काठापासून दोन इंचांच्या आत. तो पाय नवतप्यात बोटभर पुढे सरकला. काठाजवळ काचेत मुळातच ताण असतो, त्यात उन्हात तापलेल्या काचेवर एसीचा गार झोत बसला की तडा धावतो. काठाजवळचा टवका, ड्रायव्हरच्या थेट नजरेसमोरचा टवका आणि वितीपर्यंत पोचलेला तडा भरण्यात पैसे घालू नयेत. नजरेसमोरचा टवका नीट भरला तरी रात्री समोरच्या गाडीचा दिवा त्यात फुटून पसरतो.

खडा बसल्यावर पहिल्या तासाभरात जे करता, त्यावर निम्मं काम ठरतं. कोरड्या टवक्यावर लगेच पारदर्शक सेलोटेप लावा. गाडी धुऊ नका. बोटाने चोळू नका, घाम आणि तेल फुटीत उतरतं आणि मग रेझिन धरत नाही. एसी चालू ठेवला तरी काचेवरचा झोत बंद ठेवा.

भरण्याचं काम नागपुरात मार्च ते जून सकाळी आठच्या आत किंवा पक्क्या सावलीत करून घ्यावं. काच हाताला कोमट लागली तरी चालेल, चटका बसायला नको. तापलेल्या काचेत दाब दिला की पाय वाढतात. दुसरं कारण रेझिनचं. ते अतिनील किरणांनी घट्ट होतं, म्हणजे उन्हात काम केलं तर टवका भरायच्या आधीच ते जमू लागतं. पावसाळ्यात उलटी अडचण: फुटीत ओल असते, ती हलक्या उष्णतेने सुकवल्याशिवाय भरलं तर आत पांढुरकी झाक कायमची राहते. चांगला कारागीर स्टँड बसवून आधी हवा ओढतो, मग दाब देतो, आणि हे आलटून पालटून करतो. आतून टॉर्च मारून काळे बुडबुडे गेले का ते पाहतो, त्यानंतरच रेझिन घट्ट करणारा अतिनील दिवा लावतो. दहा मिनिटांत सगळं उरकणाऱ्याने हवा काढलेलीच नसते. खर्च हजाराच्या आतबाहेर.

आता काच बदलण्याचं. यात काच कोणत्या कंपनीची याची चौकशी सगळे करतात, गोंद कोणता हे फारसं कोणी विचारत नाही. काचेच्या कोपऱ्यातला शिक्का बघा: उत्पादकाचं नाव, आयएसआय खूण, लॅमिनेटेड (मधे पापुद्रा असलेली) असल्याचा उल्लेख. मग काच उभी धरून तिच्यातून विजेचा खांब बघा आणि डोकं हळूहळू हलवा. काठाकडे खांब पाण्यात बघितल्यासारखा वाकत असेल तर ती काच घेऊ नका, लांबच्या प्रवासात डोळे दुखतात.

गोंद पॉलियुरेथेनचाच हवा, बाजारात त्याला पीयू म्हणतात. छोट्या गाडीच्या काचेचा घेर साधारण चार मीटर, त्याला 310 मिलिलिटरची एक नळी जेमतेम पुरते. मोठ्या गाडीला दुसरी उघडावीच लागते. उरलेल्या अर्ध्या नळीत काम भागवतो म्हणणाऱ्याकडे गाडी लावू नका. नळीवरची मुदत वाचा. हा गोंद गार जागी ठेवायचा असतो, मेच्या उन्हात दुकानाच्या फळीवर तापलेली नळी मुदतीतही गाठाळ होते. गोंद लावताना व्हिनेगरसारखा आंबट वास आला, तर ते साधं सिलिकॉन आहे. काम तिथेच थांबवा. सिलिकॉन अपघातात काच धरून ठेवत नाही, त्यातलं आम्ल उघड्या पत्र्याला गंज आणतं, आणि पुढे त्या जागेवर पीयूही नीट चिकटत नाही. डाव्या बाजूची एअरबॅग फुगताना या काचेला टेकते, म्हणून गोंद महत्त्वाचा.

जुनी पट्टी पूर्ण खरवडून पत्रा उघडा करायचा नसतो. एक-दोन मिलिमीटर जुना गोंद ठेवून त्यावरच नवा ओढतात, पकड तीच उत्तम. कापताना पत्र्यावर ओरखडा गेला तर तिथे प्रायमर लागलाच पाहिजे, नाहीतर दोन पावसाळ्यांत काचेखाली गंज धरतो आणि पाणी आत येतं. काचेच्या काळ्या पट्टीवरही प्रायमर लागतो आणि तो सुकायला वेळ द्यावा लागतो. गोंदाची पट्टी त्रिकोणी, बारा मिलिमीटरच्या आसपास उंच, कुठेही न तुटता. तिच्यावर साय धरायच्या आत काच बसवायची. उन्हात ही साय फार लवकर धरते, म्हणून गाडी आधी तासभर सावलीत उभी हवी.

“भाऊ, तासाभरात घेऊन जा, ऊन किती आहे, लगेच सुकते.” हे वाक्य मेमध्ये हमखास ऐकू येतं. पीयू उन्हाने सुकत नाही. हवेतला ओलावा घेऊन तो बाहेरून आत पिकत जातो, साधारणपणे दिवसाला तीन-चार मिलिमीटर. नळीच्या माहितीपत्रकात गाडी चालवायला किती वेळ थांबायचं ते दिलेलं असतं, तेवढं थांबा. पहिला दिवस दाराची एक काच बोटभर उघडी ठेवा, कारण सगळं बंद असताना दार आपटलं की आतला दाब ओल्या गोंदाला ढकलतो. दोन दिवस प्रेशर वॉश नको.

नऊ महिन्यांनंतर बदललेल्या काचेतून पाण्याचा थेंब आत आलेला नाही. ऑगस्टमध्ये डावी मॅट भिजली होती, पण दोष काचेचा नव्हता. वायपरखालच्या जाळीत कडुलिंबाची पानं साचून निचरा तुंबला होता आणि पाणी एसीच्या वाटेने आत येत होतं. गळतीची शंका आली तर आधी ती जाळी साफ करा, मग साध्या पाइपने खालून वर पाणी सोडा आणि आत कोणाला तरी टिश्यू पेपर घेऊन बसवा. समृद्धीवर शंभरच्या पुढे मात्र शिट्टी ऐकू यायची. काचेच्या वरच्या काठाच्या पट्टीवर, म्हणजे मोल्डिंगवर, मास्किंग टेप लावून रस्त्याचा तोच टप्पा पुन्हा चालवला, शिट्टी बंद झाली. म्हणजे गोंद ठीक, मोल्डिंग उचललेलं. ते नवीन लावून घेतलं. काच बसवणाऱ्याने वायपरखालच्या जाळीच्या दोन क्लिपाही परत लावल्या नव्हत्या, त्या निघायच्या आधी मोजून घ्या. आरशामागे कॅमेरा असलेल्या गाडीत तो नव्याने जुळवून घ्यावा लागतो, हे आधीच ठरवा. वायपरचे ब्लेड त्याच दिवशी बदला आणि कोरड्या धुळीवर वायपर कधीच फिरवू नका. कोराडी, खापरखेड्याच्या वीजकेंद्रांकडची राख बारीक असली तरी काचेवर ओरखडे काढते.

विम्यात काचेला घसारा लागत नाही, रबर-प्लास्टिकला 50 टक्के लागतो. तरी क्लेम करण्याआधी हिशोब करा. समजा ओन डॅमेजचा, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा, हप्ता सवलतीआधी 8,000 रुपये, एनसीबी (क्लेम न केल्याबद्दलची सवलत) 50 टक्के, आणि काचेचं बिल 6,500. सक्तीची वजावट 1,000 गेली की हातात 5,500. पुढच्या वर्षी एनसीबी शून्य, म्हणजे 4,000 जास्त; त्याच्या पुढच्या वर्षी 20 टक्के, म्हणजे आणखी 2,400. इथे क्लेम तोट्याचा. एनसीबी प्रोटेक्शन असेल किंवा काच वीस-तीस हजारांची असेल, तर क्लेम करा, पण सर्व्हे होईपर्यंत जुनी काच काढू देऊ नका.

जुन्या काचेवरचा फास्टॅग काढताना निकामी होतो, आणि नंबरप्लेटबरोबर मिळालेला रंगीत होलोग्राम स्टिकरही. काच ठरवली त्याच दिवशी बँकेकडे बदली टॅग मागवा. हातात धरून दाखवायचे सुटे टॅग ब्लॅकलिस्ट करण्याचं धोरण राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाने (एनएचएआय) जुलै 2025 मध्ये जाहीर केलं आहे, तेव्हा नवा टॅग आरशामागे आतून नीट चिकटवूनच टोलनाक्यावर जा.