मॉर्फ (म्हणजे सापाचा रंगप्रकार) कॅल्क्युलेटर अख्खा सीझन वापरला, कॉर्न स्नेकवाल्यांसाठी अनुभव

कोल्हापुरात कॉर्न स्नेक पाळणारे आपण मोजकेच, विचारायला कोण नसतंय, म्हणून सविस्तर लिहितोय. माझा नर अमेल (अंगात काळा रंगच नसलेला), मादी दिसायला नॉर्मल, पण विकणाऱ्यानं '६६ टक्के हेट अमेल' म्हणून दिलेली. हेट म्हणजे जीनची एकच प्रत अंगात असलेला, वरनं न दिसणारा. म्हणजे तिचे आईबाप दोघं हेट, त्यामुळं तिच्यात जीन लपलेला असायची शक्यता तीनात दोन. नुसतं अंगावरनं हेट ओळखता येत नाही, कोण काय पण सांगू दे.

मोबाईलवरचा हा फुकटातला कॅल्क्युलेटर एकदम सोपा आहे, जोडीचे जीन टाकले की पिल्लांचे टक्के समोर. हेट-हेटला २५ टक्के अमेल, अमेल-हेटला ५०. अनेरी, हायपो असे बाकीचे रंगप्रकार सगळे एकत्र टाकले तरी गडबडत नाही, वहीत जीनच्या जोड्यांचे चौकोन काढत बसायची कटकट गेली, लई भारी काम.

कमी पडतो तो पुढं. पिल्लं निघाल्यावर आईची शक्यता बदलते ती हा सांगत नाही, हातानंच काढायला लागते. अमेल नरापासनं पाच पिल्लं लागोपाठ नॉर्मल निघाली तर ६६ वरनं थेट ६ टक्क्यांच्या आसपास, दहा निघाली तर विषय जवळजवळ संपला (मादी आधी दुसऱ्या नराजवळ असेल तर हे गणित धरू नका, शुक्राणू तिच्या पोटात महिनोन्‌महिने टिकतात). पण एक अमेल निघालं की मादी शंभर टक्के हेट. आमच्यात जवळपास दोन महिन्यांनी अंड्याला चीर पडली आणि आतनं नाक बाहेर आलं, डोळा लालसर गुलाबी, अंगावर काळा ठिपका नाही. त्या पिल्लानं जे सांगितलं ते कुठल्या ॲपला जमणार नाही!

मादी हेट आहे का हे कळायची घाई असेल तर कातेची डीएनए टेस्ट. अमेलचा बिघाड ओसीए२ जीनमध्ये असतो हे २०१५ लाच संशोधनातनं कळलंय, परदेशातल्या लॅब कातेच्या तुकड्यावरनं तपासतात. सनकिस्ड नावाच्या रंगप्रकाराच्या लाईनचा साप घेणाऱ्यांनी मात्र रंगाआधी स्टारगेझर या आनुवंशिक दोषाचं बघा. तोही अमेलसारखा रिसेसिव्हच (आईबाप दोघांकडनं आला तरच दिसणारा), दोन हेट जुळले तर मान वर वळणारी, तोल जाणारी पिल्लं जन्माला येतात, जीव तुटतो बघून.

पाचात चार स्टार. कात टाकून देऊ नका, आपल्याकडच्या पावसाळ्यात लगेच बुरशी धरते, नीट वाळवून सापाचं नाव घालून कागदी पाकिटात ठेवा.