ताऱ्याचं वय काढायचंय, तर परिवलन मोजू की कॅल्शियम बघू?

प्रोजेक्टसाठी एखाद्या ताऱ्याचं वय काढायचंय आणि कुठली पद्धत घ्यावी ते ठरत नाहीये, तर आधी ताऱ्याचा रंग बघा. सूर्यासारखा पिवळा किंवा जरा नारिंगी असेल तर मी सरळ परिवलनाच्या, म्हणजे तारा स्वतःभोवती एक फेरी किती दिवसांत मारतो ते मोजण्याच्या बाजूने आहे, आणि त्याला कारण आहे. दुसरी पद्धत म्हणजे ताऱ्याच्या वर्णपटात कॅल्शियमची चमक किती आहे ते बघणं.

दोन्ही पद्धतींचं मूळ एकच. तारा स्वतःभोवती फिरतो, बाहेरच्या थरात तापलेला वायू खालीवर होत असतो, या दोन्हींतून चुंबकीय क्षेत्र तयार होतं, आणि तेच क्षेत्र बाहेर वाहणाऱ्या वाऱ्याला (ताऱ्यातून सुटणाऱ्या कणांच्या प्रवाहाला) लांबपर्यंत धरून ठेवतं त्यामुळे ताऱ्याची गती हळूहळू खर्ची पडत जाते. गती कमी झाली की क्षेत्र कमजोर, क्षेत्र कमजोर झालं की ब्रेकही ढिला. १९७२ साली खगोलशास्त्रज्ञ स्कुमानिच यांनी कृत्तिका आणि हायडीज या तारकागुच्छांमधले तारे, सूर्य असे वेगवेगळ्या वयाचे तारे शेजारी ठेवले आणि दाखवलं की परिवलनाचा वेग आणि कॅल्शियमची चमक दोन्ही वयाच्या वर्गमुळाच्या हिशोबाने घटतात, म्हणजे वय चौपट झालं तर वेग निम्मा.

कॅल्शियमचा फायदा म्हणजे एक वर्णपट मिळाला तरी काम सुरू होतं. ३९३.४ आणि ३९६.८ नॅनोमीटरला दोन रुंद काळ्या रेषा असतात, त्यांच्या अगदी तळाशी एक बारीक उजळ उंचवटा दिसतो, तो जितका ठळक तितका तारा तरुण. पण ही त्या एका रात्रीची स्थिती झाली ना! सूर्याच्याच या चमकेचा आकडा डागांच्या ११ वर्षांच्या चक्रात वरखाली होतो, आणि १६४५ ते १७१५ मध्ये तर सूर्यावर डाग जवळजवळ दिसतच नव्हते, वय तेवढंच असताना. शिवाय दीड-दोन अब्ज वर्षांनंतर चमक इतकी मंदावते की चक्रामुळे पडलेला फरक कुठला आणि वयामुळे पडलेला कुठला हे सांगणं अवघड होऊन बसतं.

परिवलनाचं तसं नाही. ताऱ्यावरचा काळा डाग फिरत समोर आला की प्रकाश जरा कमी होतो, आणि तो किती दिवसांनी परत येतो ते मोजायचं. डाग आज मोठा असो की छोटा, फेरीला लागणारे दिवस तेवढेच राहतात. सूर्याएवढ्या ताऱ्याला हायडीजमध्ये साधारण ८-९ दिवस लागतात, अडीच अब्ज वर्षांच्या एनजीसी ६८१९ या तारकागुच्छात १८ च्या आसपास, आणि ४.६ अब्ज वर्षांच्या सूर्याला विषुववृत्तावर २५. इतकी सरळ चढण कॅल्शियममध्ये मिळत नाही.

फसायची जागा मात्र इथेच आहे. लाइट कर्व्हमध्ये (प्रकाश वेळेनुसार कसा बदलतो त्याच्या आलेखात) दर ६ दिवसांनी खड्डा दिसला की लगेच ६ लिहू नका, खोली बघा. एक खोल, एक उथळ, परत एक खोल असं आलं तर ताऱ्याच्या समोरासमोरच्या बाजूंना दोन डाग आहेत आणि खरा काळ १२ दिवसांचा आहे. ही चूक झाली तर वय थेट चारपट कमी येतं! टेस या अंतराळ दुर्बिणीचा एक सेक्टर, म्हणजे आकाशाच्या एका पट्ट्याचं सलग निरीक्षण, जेमतेम २७ दिवसांचा असतो, त्यात २५ दिवसांची फेरी दोनदा बघायलाच मिळत नाही, तिथे आधी कॅल्शियमवरून अंदाज घ्या आणि मग त्या अंदाजाच्या आसपासच फेरीचा काळ शोधा.

कृत्तिकांएवढं कोवळं वय असेल तर परिवलनावर विसंबू नका, तिथे सारख्याच वस्तुमानाचे तारे कोणी एका दिवसाच्या आत फिरतात तर कोणी कित्येक दिवस घेतात. चुंबकीय हालचालीतून निघणारे क्ष-किरणही तिथे एका कमाल मर्यादेला टेकलेले असतात, त्यामुळे त्यांवरूनही वय कळत नाही. अगदी जवळून फिरणारी जोडी असेल तर दोन्ही पद्धती सोडा, भरतीच्या ओढीने ते तारे म्हातारपणीही वेगात फिरत राहतात. आणि सूर्याच्या वयापुढे ब्रेकच सैल पडतो असं केप्लर या अंतराळ दुर्बिणीच्या डेटावरून २०१६ मध्ये मांडलं गेलं, त्यामुळे त्या वयात परिवलनातून निघालेलं वय खऱ्यापेक्षा कमी येऊ शकतं.

लाल बटूंचं, म्हणजे सूर्यापेक्षा लहान, थंड, लालसर ताऱ्यांचं गणितच वेगळं. बर्नार्डचा तारा सूर्यापेक्षा कितीतरी जुना, एका फेरीला जवळजवळ १४५ दिवस घेतो, आणि तरी त्यावर अजून भडके उडतात. असा तारा वाट्याला आला तर त्याला लांबून फिरणारा एखादा पिवळा जोडीदार आहे का ते शोधा, असला तर त्याचं परिवलन मोजा, दोघं एकत्रच जन्मलेले असतात.