जुनी फाइव्ह सिरीज की जुनी ई-क्लास? मुंबईत घ्यायची असेल तर

नव्या कॉम्पॅक्ट एसयूव्हीच्या पैशांत दहा-बारा वर्षांची बीएमडब्ल्यू किंवा मर्सिडीज मिळते, यात खोटं काही नाही. फक्त गाडीची किंमत उतरते तशी पार्टची उतरत नाही. हेडलाइट असो, सस्पेन्शनचा लोअर आर्म असो की डिझेल फवारणारा इंजेक्टर, भाव चाळीस लाखांच्या गाडीचाच लागतो. त्यामुळे कोणती जास्त रुबाबदार, हे नंतर बघू. कोणती बिघडण्याआधी इशारा देते आणि बाहेरच्या गॅरेजात निस्तरता येते, ते आधी पाहायचं. आपल्याकडे सेकंडहँड बाजारात सर्रास दिसणाऱ्या दोन डिझेल घेतो: बीएमडब्ल्यूची एफ10 पिढीची 520डी (फाइव्ह सिरीज) आणि मर्सिडीजची डब्ल्यू212 पिढीची ई250 सीडीआय (ई-क्लास).

520डीबद्दलची सगळ्यात मोठी तक्रार टायमिंग चेनची, म्हणजे व्हॉल्व्ह आणि पिस्टन एका तालात ठेवणाऱ्या साखळीची. तिच्यातलं एन47 इंजिन चालवायला झकास आहे, 184 हॉर्सपॉवर, मायलेजही देतं. पण चेन इंजिनच्या मागच्या बाजूला, गिअरबॉक्सकडे बसवली आहे. चेनला धरून ठेवणारे गाइड झिजले की चेन सैल पडते, आणि तुटली तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटून इंजिनच जातं. नुसती चेन बदलायला मेकॅनिक बहुधा इंजिन खाली घेतो, म्हणून बिलात पार्टपेक्षा मजुरी जड. 2011 पर्यंतच्या इंजिनांत हा त्रास जास्त, नंतरच्यांत कमी. पण पूर्ण गेलेला नाही.

इशारा मिळतो तो थंड इंजिनावर. गाडी बघायला सकाळी जा आणि चावी हातात घेण्याआधी बोनेटवर तळवा ठेवा. गरम लागला तर विक्रेत्याने तुम्ही यायच्या आधीच इंजिन चालवून ठेवलंय. चहा घ्या, निरोप घ्या, दुसऱ्या दिवशी न कळवता जा. थंड असेल तर स्टार्ट करून इंजिनच्या मागच्या भागाकडे, म्हणजे केबिनच्या भिंतीजवळ कान द्या. आयडलवर आणि हलक्या रेसवर खरखर, साखळी घासल्यासारखा आवाज आला तर विषय तिथेच संपला. ‘डिझेल आहे सर, एवढा आवाज असतोच’ हे उत्तर ठरलेलं. तसंच ‘डॉक्टरांची गाडी आहे’ हेही. मुंबईत इतके डॉक्टर असते तर ओपीडीला रांगा लागल्या नसत्या.

ई250च्या ओएम651 इंजिनातही चेन मागेच आहे, पण तिच्याबद्दल ओरड बरीच कमी. तिचं दुखणं वेगळं. सुरुवातीच्या गाड्यांत डेल्फीचे पिएझो इंजेक्टर होते आणि ते जगभर फेल गेले. पुढे कंपनीने वेगळ्या प्रकारचे, सोलेनॉइड इंजेक्टर वापरले. एव्हाना बहुतेक गाड्यांचे बदलून झाले असतील, तरी ‘झालेत’ यावर भागवू नका, बिल मागा. दुसरं, वॉटर पंपाजवळ कूलंट झिरपतो. ही दोन्ही कामं चेनइतकी जिवावरची नाहीत, आणि इंजेक्टरचा दोष स्कॅनरवर दिसतो. माझं झुकतं माप ई-क्लासला आहे ते याच कारणाने.

गिअरबॉक्समध्ये मात्र बीएमडब्ल्यू सरस. झेडएफ या कंपनीचा आठ गिअरचा बॉक्स दणकट आहे, अट एकच. ‘तेल आयुष्यभर चालतं’ हे ऐकू नका. झेडएफ स्वतः साधारण 80 हजार ते 1 लाख 20 हजार किलोमीटरच्या दरम्यान बदलायला सांगते. फिल्टर खालच्या तेलाच्या पॅनमध्येच असल्याने पॅनसकट बदलावं लागतं.

आता आपले रस्ते. 520डी रनफ्लॅट टायरवर, म्हणजे पंक्चर झाल्यावरही काही अंतर चालणाऱ्या टायरवर येते, स्टेपनी नसते. टायरची कडक बगल, आत अलॉय रिम, समोर जेव्हीएलआरचा (जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडचा) खड्डा: टायरला फुगा येतो, कधी रिमला चीर जाते, आणि रनफ्लॅटची किंमत साध्या टायरपेक्षा बरीच जास्त. ई-क्लास या बाबतीत सोशिक आहे. सस्पेन्शनचे बुश आणि आर्म दोन्ही गाड्यांचे जाणार, ते गृहीत धरूनच पैसे बाजूला ठेवा.

रोजचा प्रवास दादर ते बीकेसी एवढाच असेल तर दोन्ही डिझेल चुकीच्याच. डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, साफ व्हायला सलग वेगात चालणं लागतं, सिग्नल-टू-सिग्नल रांगण्यात काजळी साचते. आठवड्याला एक्स्प्रेस वे घडत असेल तरच या वाटेला जा.

पावसाळ्याचं थोडक्यात. हिंदमाता, मिलन सबवे, अंधेरी सबवे इथे पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा स्टार्ट करायची नाही. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो. इंजिन प्रोटेक्शनचं कव्हर एवढ्या जुन्या गाडीला विमा कंपनी देते का, ते टोकन देण्याआधी विचारा. 520डीची बॅटरी डिकीत असते, म्हणून डिकीचा मॅट उचलून खालचा कपडा दाबून बघा. ओल किंवा कुबट वास आला तर नको.

कागदपत्रांत दोन सापळे. डीएल पासिंगची, म्हणजे दिल्लीत नोंदलेली गाडी लाखभर स्वस्त दिसते, कारण दिल्लीत दहा वर्षांवरच्या डिझेलवर बंदीची टांगती तलवार राहिली आहे. पण इथे आणल्यावर एनओसी, महाराष्ट्राचा रोड टॅक्स आणि ताडदेव किंवा वडाळ्याच्या आरटीओच्या चकरा यात ती स्वस्ताई विरते. दुसरं, पंधरा वर्षं झाली की फिटनेस, पुनर्नोंदणी आणि पर्यावरण कर. 2011 ची गाडी 2026 मध्येच त्या रांगेत येते. भावात हे धरा.

ऑडी ए6 2.0 टीडीआय मी मुद्दाम घेतली नाही. आधीच्या गाड्यांतला मल्टिट्रॉनिक सीव्हीटी गिअरबॉक्स नीट उघडून बसवणारे हात कमी.

घरात ही एकच गाडी असणार असेल तर 2013 नंतरची टोयोटा कॅमरी हायब्रिड पाहा. लोगोचा रुबाब नाही, पण ट्रॅफिक हीच तिची सोयीची जागा आहे, आणि डीपीएफ, इंजेक्टरचा घोर नाही. बॅटरीची तपासणी करून घ्या आणि तिला हवा देणारी मागच्या सीटजवळची जाळी धुळीने बुजली नाही ना, ते बघा. हौस म्हणून दुसरी गाडी हवी असेल तर 2012 नंतरची, इंजेक्टरच्या बिलासह ई250. 520डीच हवी असेल तर चेन बदलल्याचं बिल असलेली. नसेल तर तो खर्च गॅरेजकडून लेखी काढून आणा आणि तेवढाच भाव पाडून मागा.