इकालुइटचं 35 खाटांचं रुग्णालय : काही महिन्यांच्या वापरानंतर

कॅनडाच्या अगदी उत्तरेकडच्या नुनावुत प्रदेशात नोकरी घेऊ का, असं विचारणारे बहुतेक जण दुसऱ्याच वाक्यात 'दवाखान्याचं काय?' विचारतात. मुलाचा कान आणि नवऱ्याचा रक्तदाब, या दोन्हींमुळे नुनावुतची राजधानी इकालुइटमधल्या किकिक्तानी जनरल हॉस्पिटलमध्ये आमचं सारखं जाणं-येणं असतं, म्हणून सविस्तर लिहिते.

इमारत 2007 सालची, स्वच्छ, उबदार. खाटा फक्त 35, आणि भार मात्र बॅफिन बेटासह आजूबाजूच्या सगळ्या वस्त्यांचा. या वस्त्यांना जोडणारा एकही रस्ता नाही. तिथली आरोग्य केंद्रं नर्स चालवतात. त्यापलीकडचं काही निघालं की पेशंट विमानाने इथे. दिवस भरत आलेल्या बायका तर काही आठवडे आधीच घर सोडून इकालुइटला येऊन राहतात. वेटिंग रूममध्ये त्या शेजारी बसून घरच्या लेकरांशी फोनवर बोलत असतात, तेव्हा आपला ताटकळण्याचा वैताग कुठल्या कुठे जातो.

मला सगळ्यात भावली ती इथली बोलण्याची रीत. इनुक्टिटुट, म्हणजे इथल्या मूळच्या इनुइट लोकांची भाषा, तिचे दुभाषे असतातच. पण एकदा नर्सने शेजारच्या चिमुरडीला 'दुखतंय का?' विचारलं, ती गप्प, आणि नर्सने लगेच नोंद केली. पोरीने भुवया उंचावल्या होत्या. इनुइट लोकांत तो 'हो' असतो. नाक मुरडलं की 'नाही'.

आता मर्यादा. रेडिएशन, हृदयाची शस्त्रक्रिया वगैरेंसाठी ओटावा, म्हणजे सुमारे 2,000 किलोमीटर, विमानाने तीनेक तास. नवऱ्याला पुढच्या तपासण्यांसाठी पाठवताना डॉक्टरांनी आढेवेढे घेतले नाहीत. इथे काय होईल आणि काय नाही, हे पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगितलं. छोट्या रुग्णालयाकडून मला हेच हवं असतं. हिमवादळाने विमान रद्द झालं ती रात्र जड गेली, पण त्याला कोण काय करणार?

उत्तरेत बरेच डॉक्टर काही आठवड्यांच्या पाळीवर येतात, तेव्हा औषधांची यादी आणि रिपोर्ट स्वतःजवळ ठेवाच. सोबतीला माणूस न्यायचा असेल तर त्याची मंजुरी लागते, ती सुरुवातीलाच मागा. घरात कुणाला गुंतागुंतीचा हृदयविकार असेल तर इथे यायच्या आधी आपल्या डॉक्टरांशी नीट बोला. लहान मुलांच्या नेहमीच्या दुखण्यांसाठी मात्र बिनधास्त या. आम्ही पुढचा हिवाळाही इथेच काढणार आहोत.