एका अक्षराने फसवलं: 'एएफ'च्या खोक्यात 'एई'

एएमडी कंपनीचे रायझन ५ १६०० 'एएफ' म्हणून घेतलेले दोन्ही प्रोसेसर 'एई' निघाले. ही चिपवर छापलेल्या कोडची शेवटची दोन अक्षरं, फरक कळतो तो त्यांवरूनच. २०१९ची, सुधारित रचनेची १२ नॅनोमीटर झेन प्लस चिप सांगून २०१७ची, जुन्या रचनेची १४ नॅनोमीटर झेन गळ्यात मारली. पैसे मात्र एएफचे, दोन्ही नगांचे, रोख.

चिप खोटी नाही, नावही खोटं नाही, हीच यातली मेख. दोन्हींचं नाव एकच, ६ कोर, १२ थ्रेड, ३.२ गिगाहर्ट्झ, १६ एमबी एल३ कॅश. म्हणजे विंडोजच्या टास्क मॅनेजरचा स्क्रीनशॉट पुरावा म्हणून शून्य, आणि विकणाऱ्याने नेमका तोच पाठवला. खोकं अस्सल एएफचं. चिपच्या फोटोत 'वायडी१६००बीबीएम६आय' इथवर सगळं लख्ख, आणि पुढच्या दोन अक्षरांवर थर्मल पेस्टचा (चिपची उष्णता कूलरकडे नेणाऱ्या लेपाचा) डाग! बाकी चिप पुसलेली असताना पेस्ट तेवढ्याच जागी कशी उरते? तिथेच हात आखडायला हवा होता. पण वापरलेल्या चिपवर पेस्ट असायचीच, असं कोणालाही वाटेल.

चिपची आतली ओळख दाखवणाऱ्या सीपीयू-झेड या प्रोग्रामने सगळं उघड केलं: कोड नेम समिट रिज, मॉडेल १, एक्स्ट. (विस्तारित) मॉडेल १, स्टेपिंग (म्हणजे चिपच्या आवृत्तीचा क्रमांक) १. एएफ असती तर पिनॅकल रिज, ८, ८, २ दिसलं असतं. फॅमिलीचे रकाने दोन्हीकडे सारखेच, तिकडे बघू नका. नावावर तर विसंबूच नका. एएमडीच्या चिपमध्ये ते रजिस्टरमध्ये (चिपच्या आतल्या नोंदीच्या जागेत) लिहून बदलता येतं. लिनक्सवर एलएससीपीयू ही कमांड चालवा, मॉडेल आणि स्टेपिंग तिथेही दिसतं.

तक्रार कक्षाचं उत्तर: "नाव जुळतंय, कोर जुळतात, मग वेगळी वस्तू कशी?" सीपीयू-झेडचे स्क्रीनशॉट दिले, तर "सॉफ्टवेअर ग्राह्य नाही." पेस्ट पुसून अक्षरांचा फोटो दिला, तर खोक्याचा मागितला. खोकं एएफचं, म्हणून तक्रार बंद! अहो, तक्रारच खोक्यात काय निघालं याची आहे! पोलिसांना मॉडेल आणि स्टेपिंग समजावलं, तर म्हणे, "कॉम्प्युटर चालू होतोय ना?"

इंटेलवाल्यांनीही हसू नये. कोअर आय५-१२४००मध्ये स्टेपिंग २ म्हणजे मोठ्या डायमधले (सिलिकॉनच्या तुकड्यातले) कोर बंद करून केलेला 'सी०' प्रकार, ५ म्हणजे मुळातच ६ कोरचा 'एच०' प्रकार. नाव तेच.

पेस्ट पुसलेली चिप, मग तीच सॉकेटमध्ये बसवून चालू केलेलं सीपीयू-झेड, असा न तोडलेला व्हिडिओ मागा. टाळाटाळ केली की सौदा सोडा. पार्सल फोडतानाही कॅमेरा चालू ठेवा, आणि चिपवरच्या कोडची शेवटची दोन अक्षरं वाचल्याशिवाय पैसे सोडू नका.