हॉब की शेगडी? ओटा कापण्याआधी

स्वयंपाकघर नव्याने करायला काढलं की टाइल्स, ट्रॉल्या, सिंक यांवर घरात आठ-आठ दिवस बोलणं होतं. शेगडीचा विषय मात्र मॉड्युलर किचनवाल्याच्या एका वाक्यात संपतो: "आता सगळे हॉबच बसवतात." हॉब म्हणजे ओटा कापून त्यात बसवलेली, वर काच असलेली गॅसची शेगडी. आपण मान हलवतो आणि दुसऱ्या दिवशी ग्रॅनाइटला भोक पडतं. आमच्याकडे २०१७ साली असंच झालं. त्याआधी बरीच वर्षं ओट्यावर तीन बर्नरची साधी स्टीलची शेगडी होती. मग सहा वर्षं हॉब वापरला. आता पुन्हा शेगडी आहे. दोन्हींवर रोजचा स्वयंपाक केलेला आहे, त्या बळावर हे सांगतोय.

हॉबच्या बाजूचं आधी सांगतो, कारण ते कमी नाही. पहिली गोष्ट उंची. आमचा ओटा ३४ इंचांचा. त्यावर शेगडी ठेवली की जाळी आणखी पाच-साडेपाच इंच वर जाते. तिच्यावर पुरणाचं मोठं पातेलं चढलं की माझ्या आईला आतलं काही दिसत नाही. तिची उंची पाच फुटांहून कमी आहे. पुरण घाटताना खांदा उचलून धरावा लागतो आणि संध्याकाळी तोच खांदा दुखतो. हॉबवर हा त्रास नव्हता. शिवाय बर्नरमध्ये ऐसपैस अंतर असल्यामुळे कढई, कुकर आणि तवा एकमेकांना न खेटता बसायचे. चार बर्नरच्या शेगडीत मागचे दोन बऱ्याचदा दूध तापवण्यापुरतेच उरतात.

दुसरी गोष्ट सुरक्षिततेची. काही हॉबमध्ये बर्नरच्या कडेला एक छोटी धातूची कांडी उभी असते. जाळ तिला तापवत असतो तोवरच गॅसचा व्हॉल्व्ह उघडा राहतो. दूध उतू जाऊन जाळ विझला की कांडी निवते आणि थोड्या वेळात गॅस आपोआप बंद होतो. पेटवताना नॉब काही सेकंद दाबून धरावा लागतो तो याचसाठी. सगळ्या हॉबमध्ये ही सोय नसते, दुकानात नॉब दाबून विचारून घ्या. ओट्यावरच्या शेगड्यांमध्ये तर ती क्वचितच मिळते. घरात वयस्कर माणूस एकटं स्वयंपाक करत असेल, तर माझं पुढचं सगळं बाजूला ठेवा आणि ही कांडी असलेला हॉब घ्या.

दिसायला हॉब छान दिसतो, त्यात वादच नाही.

आता ज्या गोष्टीने आमचा निर्णय फिरला ती. आमच्याकडे रात्री भाकरी असते, थंडीत बाजरीची, एरवी ज्वारीची. भाकरी असो की फुलका, शेवटी जाळावर धरायचा, म्हणजे काठाचं कोरडं पीठ बर्नरवर झडणारच. जुन्या शेगडीत जेट, म्हणजे गॅस सोडणारं बारीक भोकाचं तोंड, असतो नॉबच्या मागे, आडवा. तिथून गॅस हवा ओढून घेत नळीतून बर्नरपर्यंत जातो. पीठ पडलं, भाताची पेज सांडली, तरी जेटपर्यंत सहसा काही पोचत नाही. बर्नर उचलायचा, उलटा करून ठोकायचा, नळीतून ब्रश फिरवायचा, झालं.

आमच्या हॉबमध्ये जेट बर्नरच्या बरोबर खाली होता, तोंड वर करून. सुईच्या टोकाएवढं त्याचं भोक. झिरपलेलं दूध आणि झडलेलं पीठ हळूहळू तिथेच जमायचं. आधी जाळ एका बाजूने पिवळा व्हायचा, मग तव्याच्या बुडाला काजळी धरायची. वरवर दिसेल तेवढं मी पुसायचो, पिन घालून जेट मोकळा करायचो. पण खरा थर काचेच्या खाली होता आणि तिथे हात जात नव्हता. काच उचलायची तर हॉबला खालून क्लॅम्प, क्लॅम्पपर्यंत पोचायचं तर भांड्यांची ट्रॉली रिकामी करून बाहेर काढायची. म्हणजे दर वेळी मेकॅनिकची वाट बघायची. सगळ्या हॉबची रचना अशीच असते असं मी म्हणत नाही. काहींमध्ये शेगडीसारखी आडवी नळी असते, पण तीही काचेखालच्या पेटीतच.

२०२३ मध्ये गौरी जेवणाच्या आदल्या संध्याकाळी मोठा बर्नर पेटेचना. मेकॅनिक तिसऱ्या दिवशी आला, तोवर गौरींचं विसर्जनही होऊन गेलं होतं. त्याने काच वर घेतली तेव्हा आम्ही तिघंही शेजारीच उभे होतो. पत्र्याच्या पेटीत मोहरीचे दाणे, दुधाचा तपकिरी पापुद्रा, पिठाची घट्ट बसलेली पुटं आणि दोन मेलेली झुरळं. याच्याच वर सहा वर्षं नैवेद्य शिजत होता. आई एवढंच म्हणाली, "शेगडी असती तर मी रोज रात्री उचलून खालून फडकं फिरवलं असतं."

ती खरंच फिरवायची. लहानपणी झोपताना येणारा तो आवाज मला ठाऊक आहे: ओट्यावर शेगडीचे पाय सरकल्याचा, मग ओलं फडकं पिळल्याचा.

त्यानंतर बाकीचे मुद्दे मला आपोआप जड वाटू लागले. गॅसची सुरक्षा नळी पाच वर्षांनी बदलायची असते. शेगडीची नळी डोळ्यांसमोर असते, हॉबची ट्रॉलीच्या मागे, अंधारात. एलपीजी हवेपेक्षा जड, गळला तर खाली साचतो. म्हणून हॉबखालच्या कपाटाला हवा खेळायला जागा ठेवायला सांगतात, आणि सुतार ती हमखास विसरतो. पाईप गॅस घेताना जेट बदलावे लागतात. नैसर्गिक वायूत आकारमानाच्या मानाने उष्णता बरीच कमी आणि दाबही कमी, सिलिंडरचा साधारण ३० मिलिबार तर पाईपचा २१, त्यामुळे भोक मोठं लागतं. शेगडी उलटी करून हे काम पटकन होतं. आमच्या हॉबसाठी मात्र पुन्हा ट्रॉली बाहेर आली.

आणि हॉब बदलायचा झाला की कापलेलं भोक आडवं येतं. प्रत्येक कंपनीचं, कधी कधी एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांचं माप वेगळं. मोठं भोक हवं असेल तर स्वयंपाकघरात पुन्हा कटर आणि घरभर धूळ. लहान हवं असेल तर फटी राहतात. आम्ही भोकावर ग्रॅनाइटचा तुकडा बसवून घेतला. त्याच छटेचा दगड मिळाला नाही, जोडाची रेघ दिसते. पण तिच्यावर आता शेगडी असते.

हॉबटॉप म्हणून मधला प्रकार मिळतो, पायांवर ठेवा किंवा ओट्यात बसवा. घ्यायचाच असेल तर पहिलं वर्षभर पायांवर ठेवून बघा. दगड नंतरही कापता येतो.

उंचीसाठी मात्र मला साताऱ्याला बहिणीच्या घरी केलेला उपाय सर्वांत पटला. तिने शेगडीपुरता ओटाच चार इंच खाली घेतलाय. शेगडी त्या खाचेत बसते, जाळी बाकीच्या ओट्याच्या जेमतेम वर येते आणि आईला पातेल्याचा तळ दिसतो. असं करणार असाल तर शेगडी आधी विकत घ्या, तिचं माप कडप्पा-ग्रॅनाइटवाल्याच्या हातात द्या, आणि दोन्ही बाजूंना तीन-तीन बोटं जागा जास्त सोडायला सांगा, म्हणजे ती उचलायला हात आत जातो.